११० मिनिटे आणि वऱ्हाड
१८३२ मध्ये थॉमस हॉजकिन यांनी वर्णिलेल्या लसीका ग्रंथींच्या कर्करोगात उपचार कितपत लागू पडतील, हे पेट स्कॅन लवकर सांगते. टोचलेली किरणोत्सारी साखर रोगग्रस्त गाठीत उजळते. केमोथेरपीच्या दोन आवर्तनांनंतर ती चमक यकृताहून अधिक नसेल, तर ते शुभचिन्ह. ही पाच गुणांची मोजपट्टी २००९ मध्ये फ्रान्समधील दोव्हिल येथे ठरली.

भारतात पेट स्कॅन २००२ मध्ये मुंबईत परळला आले. पण त्या साखरेचा किरणोत्सार दर ११० मिनिटांनी निम्मा होतो आणि मुंबई ते अकोला हा रेल्वेप्रवास रात्रभराचा. म्हणून त्या काळी अकोला-अमरावतीच्या रुग्णालाच मुंबईसारखे दूरचे शहर गाठावे लागे. रोगाचे भाकीत शक्य झाले. ते कोणाच्या वाट्याला येईल, हे मात्र अंतराने ठरवले.