पंचमढीची शिखरे आणि आमचे ऋण

प्रत्येक जुन्या डोंगराचा एक दप्तरखाना असतो. शिखरांची, खोऱ्यांची, कड्यांची नावे म्हणजे त्यातील नस्त्या होत. नवा अंमल आला की जुन्या नस्तीवर नवे नाव चढते; पण आतील कागद सहसा कोणी जाळीत नाही. कोणी धूळ झटकून ते चाळू लागला, तर त्याला तीन-तीन अंमलांची अक्षरे एकाच पानावर दिसतात. आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करणारी माणसे. पदवी मिळवूनही आयुष्य इतरांच्या टिपणांवर टिपणे लिहिण्यात चालले आहे. त्यामुळे जोडून आलेल्या सुट्यांत सातपुड्यातील पंचमढीच्या शिखरांवर चढताना आमची दृष्टी सूर्यास्तापेक्षा नावांच्या पाटीकडे अधिक वळते, हा आमच्या धंद्याचा दोष वाचकांनी पोटात घालावा.

प्रथम स्थळाची ओळख. नर्मदेच्या दक्षिणेस, पूर्वीच्या होशंगाबाद आणि आजच्या नर्मदापुरम् जिल्ह्यात, इटारसी-जबलपूर लोहमार्गावर पिपरिया हे स्थानक आहे. तेथून पन्नासएक किलोमीटर घाट चढून गेले की सुमारे ३५०० फूट उंचीवर पंचमढीचे पठार लागते. पठाराभोवती वाळूच्या खडकाचे उभे कडे आहेत. हे खडक इतके वैशिष्ट्यपूर्ण की भूशास्त्रज्ञांनी त्या खडकसमूहाला याच डोंगरांवरून 'महादेव' हे नाव दिले. पठाराच्या कडेला धूपगड, चौरागड आणि महादेव ही तीन शिखरे उभी आहेत. धूपगड सुमारे १३५० मीटर उंच असून साऱ्या सातपुड्यात त्याहून उंच शिखर नाही. त्याच्या माथ्यावरून सूर्योदय व सूर्यास्त दोन्ही दिसतात, आणि खाली देनवा नदीचे खोरे निळ्या धुक्यात पसरलेले असते. पठारावर सालवृक्षांची राई आहे, तर उतरून बोरीच्या बाजूस गेले की सागाचे राज्य सुरू होते. भारतातील दोन थोर वृक्षांच्या प्रदेशांची शीव येथे एका दिवसाच्या पायपिटीत ओलांडता येते.

आता नावांकडे वळू. ज्या कड्यावरून चौरागड व महादेव एका नजरेत येतात, त्यास आज प्रियदर्शिनी पॉइंट म्हणतात. श्रीमती इंदिरा गांधी यांच्या नावावरून हे नामकरण झाले. त्यापूर्वी तो फोर्सिथ पॉइंट होता. बंगाल स्टाफ कोअरमधील कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने पंचमढी 'शोधून काढली', असे वाटाडे सांगतात आणि त्यासाठी १८५७ हे साल देतात. वस्तुतः मध्यप्रांताची निर्मिती १८६१ मधील, आणि त्या प्रांतातील जंगलांची पाहणी करीत फोर्सिथ पंचमढीस आला तो १८६२ च्या आरंभी. त्याने येथे बायसन लॉज नावाचे घर बांधविले. आज त्यात वनखात्याचे संग्रहालय आहे. त्याचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलुखावरील ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी तो वारला. ग्रंथ वाचनीय आहे, यात शंका नाही. परंतु त्याच ग्रंथात पठारावरील कोरकू वस्तीचे आणि तेथील ठाकुराचे वर्णन आहे. जेथे घरे होती, ठाकूर होता, देवस्थान होते आणि दर वर्षी यात्रा भरत होती, ते स्थळ 'शोधून काढले' म्हणजे काय केले, हा प्रश्न कारकुनी बुद्धीलाही पडतो. शिवाय पठारावरील प्रस्तराश्रयांत रंगवलेली चित्रे आहेत. डॉ. हंटर यांनी १९३० नंतरच्या दशकात डोरोथी दीप येथे उत्खनन केले, तेव्हा तेथील मनुष्यवस्ती इतिहासाच्याही पलीकडची असल्याचे दिसून आले.

कंपनी सरकारला हे डोंगर फोर्सिथच्या चाळीस वर्षे आधीच ठाऊक झाले होते, आणि ते एका मराठी राजामुळे. हे पान आमच्या वाचकांस विशेष जवळचे वाटावे. सीताबर्डीची लढाई २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली. नागपूरकर आप्पासाहेब भोसले हरले, नाममात्र पुन्हा गादीवर बसले आणि मार्च १८१८ मध्ये कैद झाले. त्यांस अलाहाबादेकडे नेत असता मे महिन्यात जबलपुराजवळ रायचूर येथील मुक्कामावरून ते पहाऱ्यावरील शिपायांच्या मदतीने, शिपायाच्याच वेषात निसटले. ज्या राजाचे राज्य, खजिना व फौज तिन्ही गेली, तो कोठे जाणार? ते आले महादेवाच्या या डोंगरांत. गोंड व कोरकू ठाकुरांनी त्यांस आश्रय दिला. जुलै १८१८ मध्ये बैतूलच्या बाजूस कॅप्टन स्पार्क्सची तुकडी त्यांच्या अनुयायांनी कापून काढली. पेंढाऱ्यांचा पुढारी चीतूही पुढे त्यांस येऊन मिळाला. अखेर १८१९ च्या आरंभी कर्नल ॲडम्सच्या हुकमतीखाली कंपनीच्या तुकड्या डोंगरांत शिरल्या, तेव्हा आप्पासाहेब असीरगडाकडे निघून गेले. चीतूला जंगलात वाघाने मारले. असीरगड ९ एप्रिल १८१९ रोजी पडला. आप्पासाहेब तेथूनही निसटून पंजाबात रणजितसिंहांच्या आश्रयास गेले आणि पुष्कळ वणवण करून १८४० साली जोधपुरास वारले.

या प्रकरणाचा विचार करताना आपले इतिहासकार राजाच्या धाडसाचा किंवा दुर्बलतेचा निवाडा करतात. आम्हांस मात्र त्या ठाकुरांविषयी विचारावेसे वाटते. पळून आलेल्या राजाजवळ देण्याजोगे काहीच उरले नव्हते. त्याला ठेवून घेतले तर तोफा येणार, हेही उघड होते. तरीही जवळजवळ नऊ महिने त्यांनी त्यास सांभाळले. राजा पुढे लाहोरास जाऊ शकला. डोंगर मात्र जागचे हलू शकत नव्हते, आणि त्यांत राहणारी माणसेही.

चौरागडाच्या नावाने एक घोटाळा नेहमी होतो, तो येथेच निस्तरावा. गढा-मंडल्याच्या गोंड राजांचा प्रसिद्ध चौरागड किल्ला, जेथे १५६४ मध्ये राणी दुर्गावतीचा पुत्र वीरनारायण लढता लढता पडला, तो नरसिंहपूर जिल्ह्यातील निराळा. पंचमढीच्या चौरागडावर किल्ला नव्हे, महादेव आहे. तेराशेंच्या वर पायऱ्या चढून माथ्यावर जावे तो त्रिशूळांचे रान दिसते. नवस फेडणारे भाविक लहान-मोठे, कधी मणभर वजनाचे त्रिशूळ खांद्यावरून वाहून आणतात. महाशिवरात्रीस हा मार्ग माणसांनी फुलून जातो, आणि त्यांत वऱ्हाड-नागपूरकडील मराठी शेतकऱ्यांचा भरणा मोठा असतो. या देवस्थानाचे परंपरागत राखणदार पंचमढी-पगाऱ्याकडील कोरकू ठाकूर. त्यांस 'भोपा' म्हणत. भोप्या हा शब्द आपल्याकडे देवीच्या पुजाऱ्यास लावतात, हे वाचकांस सांगावयास नको. मराठी यात्रेकरू आणि कोरकू भोपा यांची ही देवाणघेवाण कोणत्याही तहावाचून पिढ्यान् पिढ्या चालली होती. आप्पासाहेबांस येथे आसरा मिळाला, त्याचे एक कारण आम्हांस या जुन्या वाटेत दिसते. ज्या वाटेने प्रजा देवाला जाई, त्याच वाटेने राजा लपावयास आला.

तिसरे पान १८५८ चे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात शिरले. तात्या पुढे निघून गेले. परंतु हर्राकोटचा जहागीरदार भभूतसिंह मागे डोंगरात लढत राहिला. १८६० मध्ये तो पकडला गेला आणि जबलपुरात त्यास फाशी झाली. त्याची जहागीर जप्त झाली. त्या जप्त मुलुखातच बोरीचे अरण्य होते, आणि १८६५ मध्ये तेच देशातील पहिल्या आरक्षित जंगलांत गणले गेले. आपण ज्यास वनसंरक्षण म्हणतो, त्याच्या येथील नस्तीचे पहिले पान असे जप्तीच्या हुकुमाचे आहे. ३ जून २०२५ रोजी मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक भभूतसिंहाच्या स्मरणार्थ पंचमढीस भरली आणि पंचमढी अभयारण्यास त्याचे नाव देण्याची घोषणा झाली. उशिरा का होईना, एका नस्तीवर मूळ मालकाचे नाव आले.

पुढे पंचमढी मध्यप्रांत सरकारची उन्हाळी राजधानी झाली. उन्हाळा आला की नागपूरचे सरकार दप्तरांच्या पेट्यांसह डोंगर चढे. गव्हर्नर-कमिशनरांची नावे धबधब्यांस व कड्यांस मिळाली. पेट्या उचलणारांची आणि त्यांतील कागद लावणारांची कोठेच नाहीत. आमच्या या जातभाईंची आठवण धूपगडाच्या चढावर आम्हांस आल्यावाचून राहत नाही.

स्वतंत्र भारतात १९७७ मध्ये बोरी व पंचमढी ही अभयारण्ये आणि १९८१ मध्ये सुमारे ५२४ चौरस किलोमीटरांचे सातपुडा राष्ट्रीय उद्यान झाले. १९९९ मध्ये शासनाने या प्रदेशास जीवावरण राखीव क्षेत्र ठरविले आणि २००९ मध्ये युनेस्कोने त्यास आपल्या जागतिक यादीत घेतले. वाघ, रानगवा, शेकरू यांस निर्भय जागा हवी, याविषयी दुमत नाही. २००५ पासून धाईं गावापासून आरंभ करून उद्यानातील अनेक गावे बाहेर वसविण्यात आली. सोडलेल्या शेतांत आता गवत माजले आहे आणि हरणे चरतात. गावकऱ्यांस बाहेर रस्ता, शाळा, दवाखाना जवळ आला, हे खरे. जंगलातील मोह, आवळा, चारोळी दूर गेली, हेही तितकेच खरे. या जमाखर्चाची एकच बाजू वाचून शेरा मारू नये, एवढे तरी आमच्या कचेरीने आम्हांस शिकविले आहे.

उद्यानाच्या गाभ्यात सामान्यतः परवान्यावाचून पाऊल टाकता येत नाही. तरी नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची वाट थोडे दिवस उघडते आणि विदर्भातून आलेले हजारो स्त्रीपुरुष पावसात, चिखलातून, दऱ्या उतरत-चढत गुहेतील देवास जातात. अरण्याचे कायदे बदलले, अंमल बदलले. ही वाट शासनास मोडता आली नाही आणि शासनानेही ती मोडण्याचा हट्ट धरला नाही. तिच्या कडेला प्लास्टिकचा कचरा पडू न देण्याची जबाबदारी मात्र आता यात्रेकरूंचीच आहे. दोनशे वर्षांपूर्वी या डोंगराने आपणांस आसरा दिला. त्याची फेड निदान त्याच्या झऱ्यांत घाण न टाकण्याने तरी सुरू व्हावी.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांस एक खोड आहे. जेथे जावे तेथे आपल्या पूर्वजांच्या स्वाऱ्यांच्या खुणा शोधाव्या आणि छाती फुगवावी. पंचमढीच्या शिखरांवर या खोडीस औषध मिळते. येथे मराठी राजा जेता म्हणून आला नाही. आसरा मागावयास आला, आणि ज्यांनी तो दिला त्यांची नावे आपल्या बखरींनी जपली नाहीत. इतिहासात उपकारकर्त्यांची बाजू कोरी राहिली की ती वंशजांनी भरावयाची असते. ज्यांची मुले नोकरी-व्यवसायासाठी या प्रांतात वाढत आहेत, अशा वाचकांस आमची विनंती आहे की त्यांस पंचमढीस न्यावे, धूपगडावरून मावळता सूर्य दाखवावा, आणि प्रियदर्शिनीच्या कड्यावर उभे करून समोरच्या दरीकडे बोट दाखवीत सांगावे की या रानात कोरकूंनी आपला एक राजा लपविला होता, आणि त्याचे मोल मागितले नव्हते.