मिथेनसॅट

मिथेनसॅट हा पृथ्वीच्या वातावरणातील मिथेन वायूचे उत्सर्जन मोजण्यासाठी बनवलेला उपग्रह होता. अमेरिकेतील एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड (संक्षेप: ईडीएफ) या ना-नफा पर्यावरण संस्थेने ही मोहीम आखली आणि न्यू झीलंडचे सरकार तिचे भागीदार झाले. ४ मार्च २०२४ रोजी कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग तळावरून उपग्रहाचे प्रक्षेपण झाले. त्याचा अपेक्षित कार्यकाळ पाच वर्षांचा होता. मात्र २० जून २०२५ रोजी त्याच्याशी असलेला संपर्क तुटला आणि तो पुन्हा जोडता आला नाही.

पर्यावरणविषयक संस्थेने स्वतः विकसित करून कक्षेत पाठवलेला उपग्रह म्हणून मिथेनसॅटची नोंद घेतली जाते. या मोहिमेचा दुसरा विशेष म्हणजे तिची भू-प्रणाली. उपग्रहाला आज्ञा देणारी, त्याच्या स्थितीवर लक्ष ठेवणारी आणि त्याने पाठवलेल्या माहितीवर प्रक्रिया करणारी जमिनीवरील व्यवस्था एकट्या संस्थेने न उभारता दोन देशांतील सरकारी खाते, विद्यापीठे आणि खाजगी कंपन्या यांच्यात वाटून देण्यात आली.

पार्श्वभूमी

मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या खालोखाल महत्त्वाचा मानवनिर्मित हरितगृह वायू आहे. तो वातावरणात साधारण बारा वर्षे टिकतो. परंतु वीस वर्षांच्या कालावधीत त्याचा तापवर्धक परिणाम समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट असतो. त्यामुळे मिथेनची गळती थांबवल्यास तापमानवाढीचा वेग तुलनेने लवकर कमी होऊ शकतो. तेल व नैसर्गिक वायूच्या विहिरी, कोळसाखाणी, रवंथ करणारी जनावरे, भातशेती आणि कचराभूमी हे या वायूचे प्रमुख मानवनिर्मित स्रोत आहेत.

मिथेनसॅटपूर्वीही अवकाशातून मिथेन मोजला जात होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेला युरोपचा सेंटिनेल-५पी हा उपग्रह जवळपास संपूर्ण पृथ्वीचे दररोज निरीक्षण करतो. पण त्याच्या प्रतिमेतील एक बिंदू कित्येक किलोमीटरचा असतो. याउलट कॅनडातील जीएचजीसॅट कंपनीचे उपग्रह एखाद्या प्रकल्पातून होणारी गळती नेमकी टिपतात, मात्र त्यांचे दृष्टिक्षेत्र लहान असते. या कंपनीचा पहिला उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून भारताच्या पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाद्वारे सोडण्यात आला होता. संपूर्ण तेलक्षेत्र एका दृष्टिक्षेपात पाहता येईल आणि त्यातील विखुरलेले, लहान स्रोतही हिशेबात येतील, अशी मोजमापे या दोन प्रकारांच्या मधल्या जागेत कमी होती. ती उणीव भरून काढणे हा मिथेनसॅटचा उद्देश होता.

उपग्रह आणि उपकरण

ईडीएफने एप्रिल २०१८ मध्ये या मोहिमेची घोषणा केली आणि ती चालवण्यासाठी मिथेनसॅट एलएलसी ही उपकंपनी स्थापन केली. मोहिमेचा खर्च सुमारे ८.८ कोटी अमेरिकी डॉलर होता. निधी मुख्यत्वे देणग्यांतून उभा राहिला. बेझोस अर्थ फंड हा त्यातील एक मोठा देणगीदार होता. उपग्रहाचे मापन-उपकरण बॉल एरोस्पेस या कंपनीने, तर त्याला वीज, दिशा व संदेशवहन पुरवणारा सांगाडा ब्लू कॅन्यन टेक्नॉलॉजीज या कंपनीने तयार केला.

उपग्रह सुमारे ५९० किलोमीटर उंचीवरील सूर्यसमकालिक कक्षेत फिरत असे आणि दिवसाला साधारण पंधरा प्रदक्षिणा पूर्ण करीत असे. जमिनीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश दोन वर्णपटमापकांत घेतला जाई. मिथेन अवरक्त प्रकाशातील ठरावीक तरंगलांबी शोषून घेतो. शोषणाच्या या खुणेवरून जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या स्तंभात किती मिथेन आहे हे काढता येते. सुमारे २०० किलोमीटर रुंदीचा पट्टा पाहताना मिथेनच्या प्रमाणातील अब्ज भागांमागे दोन ते तीन भागांचा फरकही कळावा, अशी उपकरणाची अपेक्षित क्षमता होती.

भू-प्रणालीची गरज

मिथेनसॅट सतत सर्व पृथ्वीचे चित्रण करणारा उपग्रह नव्हता. दिवसभरात कोणत्या लक्ष्यक्षेत्रांकडे वळायचे हे त्याला जमिनीवरून सांगावे लागे. ढगाळ प्रदेशावर मोजमाप निष्फळ ठरते, म्हणून हवामानाचा अंदाज पाहून लक्ष्यांची यादी वारंवार बदलणे आवश्यक होते. अशा मोहिमेत भू-प्रणाली ही केवळ माहिती उतरवून घेणारी व्यवस्था राहत नाही. उपग्रहाचा रोजचा कार्यक्रम तीच ठरवते.

या प्रणालीची कामे ढोबळमानाने चार भागांत विभागली जातात. पहिला भाग लक्ष्यनियोजनाचा. त्यात वैज्ञानिक निरीक्षणाची क्षेत्रे ठरवतात. दुसरा भाग मोहीम नियंत्रण केंद्राचा. तेथे या यादीचे उपग्रहाला समजणाऱ्या आज्ञांत रूपांतर होते, तसेच उपग्रहाची वीज, तापमान, दिशा आणि कक्षा यांवर लक्ष ठेवले जाते. तिसरा भाग भूकेंद्रांच्या अँटेनांचा. कमी उंचीवरील उपग्रह एका भूकेंद्राच्या आकाशात एका फेरीत जेमतेम दहा मिनिटे असतो आणि तेवढ्या वेळात आज्ञा चढवणे व माहिती उतरवणे ही दोन्ही कामे उरकावी लागतात. म्हणूनच लहान मोहिमा स्वतःचे अँटेना उभारण्याऐवजी सहसा व्यावसायिक भूकेंद्रांच्या जाळ्यातील वेळ भाड्याने घेतात. चौथा भाग माहिती-प्रक्रियेचा. यात कच्च्या संकेतांपासून प्रकाशाची तीव्रता, तिच्यावरून मिथेनचे प्रमाण आणि अखेरीस वाऱ्याचा विचार करून उत्सर्जनाचा दर काढला जातो.

हे चार भाग एकाच ठिकाणी असण्याची गरज नसते. नियंत्रण केंद्र आणि अँटेना यांच्यात जलद संगणकीय जोडणी असली, की केंद्र जगात कोठेही चालू शकते. मोहिमेचा एखादा भाग दुसऱ्या देशातील भागीदाराकडे सोपवणे यामुळेच शक्य झाले.

न्यू झीलंडची भागीदारी

न्यू झीलंडने एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय अवकाश संस्था स्थापन केली. रॉकेट लॅब कंपनीच्या माहिया द्वीपकल्पावरील तळामुळे देशाला प्रक्षेपणाचा अनुभव मिळाला; परंतु उपग्रह चालवण्याचा अनुभव देशात फारसा नव्हता. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने मिथेनसॅट मोहिमेत सहभागी होण्याची घोषणा केली आणि २.६ कोटी न्यू झीलंड डॉलर देण्याचे ठरवले. पुढे हा खर्च सुमारे ३.२ कोटी डॉलरपर्यंत गेला. सरकारी निधीतून झालेली ही देशाची पहिली अवकाश मोहीम होय.

या सहभागाचे दोन भाग होते. पहिला वैज्ञानिक भाग होता. न्यू झीलंडच्या एकूण हरितगृह वायू उत्सर्जनापैकी जवळपास निम्मा वाटा शेती व पशुपालनाचा आहे. २०१९ च्या कायद्याने जैविक मिथेनचे उत्सर्जन २०१७ च्या तुलनेत २०३० पर्यंत १० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठरवले होते. ईडीएफचा मुख्य भर तेल व वायू उद्योगावर होता. कुरणांवर पसरलेल्या गाई-मेंढ्यांचे विरळ उत्सर्जन अवकाशातून मोजता येईल का, याचा अभ्यास न्यू झीलंडच्या राष्ट्रीय जल व वातावरण संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली व्हायचा होता.

दुसरा भाग मोहीम नियंत्रण केंद्राचा होता. ते उभारण्यासाठी सरकारने देशातील कंपन्या व संस्थांमधून भागीदार शोधला आणि २०२१ मध्ये रॉकेट लॅबची निवड जाहीर झाली. योजनेनुसार केंद्राची उभारणी आणि सुरुवातीचे संचालन रॉकेट लॅबने करायचे होते. त्यानंतर ते ऑकलंड विद्यापीठातील ते पूनाहा आतेआ या अवकाश संस्थेकडे सुपूर्द होणार होते. विद्यार्थ्यांना व अभियंत्यांना प्रत्यक्ष उपग्रह हाताळण्याचे प्रशिक्षण मिळावे आणि ही क्षमता मोहीम संपल्यावरही देशात टिकावी, ही या व्यवस्थेमागील भूमिका होती.

माहिती-प्रक्रिया

मोजमापांपासून उत्सर्जनाचे दर काढण्याच्या पद्धती हार्वर्ड विद्यापीठ आणि स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळा येथील वैज्ञानिकांच्या सहभागाने विकसित झाल्या. उपग्रह तयार होत असतानाच मिथेनएअर हे त्याच धर्तीचे उपकरण विमानात बसवून उड्डाणे करण्यात आली. अमेरिकेतील तेल व वायू क्षेत्रांवरील २०२३ च्या उड्डाणांच्या आधारे ईडीएफने असा निष्कर्ष मांडला, की प्रत्यक्ष उत्सर्जन अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाच्या चौपटीहून अधिक आहे. माहिती-प्रक्रियेची व्यवस्था उपग्रहाच्या आधीच कसोटीला लागल्यामुळे तिच्यातील दोष शोधण्यास वेळ मिळाला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलशी सहकार्य जाहीर झाले. त्यानुसार प्रक्रियेसाठी गूगलची संगणकीय यंत्रणा वापरली गेली आणि निष्कर्ष गूगल अर्थ इंजिनवर सर्वांसाठी खुले करण्याचे ठरले.

प्रक्षेपण आणि कार्यकाळ

उपग्रह स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ प्रक्षेपकावरील ट्रान्सपोर्टर-१० या सामायिक उड्डाणातून कक्षेत गेला. चाचण्यांनंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिली मोजमापे प्रसिद्ध झाली. त्यांत अमेरिकेतील पर्मियन खोरे आणि तुर्कमेनिस्तानातील तेलक्षेत्रांचा समावेश होता. तांत्रिक अडचणींमुळे नियंत्रणाचे ऑकलंड विद्यापीठाकडे व्हायचे हस्तांतरण मात्र लांबत गेले.

२० जून २०२५ रोजी उपग्रहाचा प्रतिसाद थांबला. संपर्काचे सर्व प्रयत्न अपयशी ठरल्यावर १ जुलै रोजी ईडीएफने जाहीर केले, की उपग्रहाची वीज गेली आहे आणि तो पूर्ववत होण्याची शक्यता कमी आहे. भू-प्रणाली कितीही सुसज्ज असली, तरी उपग्रहाचा ग्राहक वीजपुरवठ्याअभावी बंद पडला, की जमिनीवरून दिलेली कोणतीही आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

परिणाम आणि मूल्यमापन

मोहीम सव्वा वर्षात संपल्यामुळे न्यू झीलंडमध्ये सार्वजनिक खर्चाच्या फलिताविषयी प्रश्न उपस्थित झाले. उपग्रहाच्या अडचणींची माहिती जनतेला वेळेवर मिळाली नाही, अशी टीकाही झाली. देशाच्या वाट्याचा भाग जमिनीवर होता आणि बिघाड अवकाशात झाला. तरीही एका भागातील अपयशाची किंमत दुसऱ्या भागातील भागीदारालाही चुकवावी लागते, हे या घटनेने दाखवून दिले.

मोहिमेचा जमिनीवरील वारसा मात्र शिल्लक आहे. आधीच उतरवलेल्या मोजमापांवर प्रक्रिया करून ती प्रसिद्ध करण्याचे काम चालू ठेवण्याचे ईडीएफने जाहीर केले. मिथेनएअरसाठी व उपग्रहासाठी विकसित झालेल्या गणनपद्धती इतर मोजमापांसाठीही उपयोगी पडू शकतात. नियंत्रण केंद्राच्या उभारणीतून मिळालेला अनुभवही न्यू झीलंडमधील संस्थांकडे राहिला आहे.

हे सुद्धा पाहा

मिथेन
हरितगृह परिणाम
सेंटिनेल-५पी
सुदूर संवेदन
रॉकेट लॅब