137 सीसीचा मोह

जुन्या यंत्रांचं वेड असलेल्या माणसाला श्टील 090 दाखवू नये. (उच्चार श्टीलच. अँड्रियास श्टील हे माणसाचं नाव आहे, पोलादाशी त्याचा संबंध नाही.) एका सिलिंडरचं 137 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, बार आणि चेन न लावताच बारा-तेरा किलो वजन, आणि आवाज असा की शेजारच्या वाडीतला माणूस काय झालं म्हणून बघायला येईल. हिरो होंडा स्प्लेंडरचं इंजिन शंभर सीसीच्या आसपास असतं. त्याहून मोठं इंजिन इथे दोन हातांत धरून चालवायचं असतं.

अशी एखादी करवत, नाहीतर तिची 106 सीसीची बहीण 070, किंवा अमेरिकन मॅकलकची 123 सीसीची एसपी 125, समजा तुमच्यासमोर विकायला आली. घरामागे आंब्याचा नाहीतर फणसाचा जाडजूड ओंडका पडलेला आहे, त्याच्या अखंड रुंद फळ्या काढायच्या आहेत, आणि नव्या मोठ्या करवतीची किंमत ऐकून तुम्ही गप्प झालेले आहात. घ्यावी का? आजूबाजूचे लोक दोनच उत्तरं देतात, 'जुनं ते सोनं' किंवा 'भंगार आहे, सोड'. मला दोन्ही पटत नाहीत. ही यंत्रं एवढी मोठी का झाली आणि नंतर लहान का झाली, हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. त्यासाठी शंभर वर्षं मागे जाऊया.

1926 साली श्टीलने बाजारात आणलेली करवत विजेवर चालायची. तिचं वजन सुमारे 64 किलो होतं आणि ती चालवायला दोन माणसं लागायची. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प या जर्मन माणसाने पेट्रोलवरची करवत थुरिंगियातल्या डोल्मार नावाच्या डोंगरावर चालवून दाखवली. कंपनीलाही तेच नाव पडलं. 1929 मध्ये श्टीलची पेट्रोल करवत आली, 46 किलोची. म्हणजे झाडाकडे यंत्र न्यायचं म्हणजे आधी यंत्र वाहायला माणसं शोधायची. तेव्हाच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोट असायचा, जुन्या स्कूटरसारखा. फ्लोट तिरका झाला की पेट्रोल कुठेही जातं. त्यामुळे इंजिन सरळच ठेवावं लागायचं आणि आडवं कापायचं असेल तर फक्त बार फिरवायचा. ही अडचण पडद्याच्या, म्हणजे डायफ्रॅमच्या कार्ब्युरेटरने सोडवली. रबरी पडदा इंजिनाच्याच दाबावर हलतो आणि पेट्रोल ओढतो, मग करवत उलटी धरा नाहीतर आडवी. हा पडदा लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला पैशाच्या हिशेबात भेटणार आहे.

दुसरी अडचण दातांची होती. सुरुवातीच्या चेनचे दात साध्या हातकरवतीसारखे होते. ते लाकूड ओरबाडायचे, भुसा काढायचे आणि सारखी कानस मागायचे. 1946 साली अमेरिकेत जो कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या एका बुंध्यातली भुंग्याची अळी बघत बसला. ती अळी लाकडाच्या रेषेतही जात होती आणि रेषेला आडवीही, कारण तिचे जबडे डावीकडून-उजवीकडे आळीपाळीने कापत होते. कॉक्सने तसाच आकार पोलादात उतरवला आणि 1947 मध्ये पोर्टलंडमध्ये धंदा सुरू केला. आज तुमच्या तालुक्याच्या दुकानात 'ऑरेगन' नावाची चेन मिळते ती त्याच कंपनीची. अळी बघून शोध लागल्याच्या कथा बहुतेक वेळा नंतर रचलेल्या असतात, पण ही खरी आहे.

चेन सुधारली, कार्ब्युरेटर सुधारला, आणि 1959 मध्ये श्टीलची काँट्रा आली: 106 सीसी, 6 अश्वशक्ती, वजन 12 किलो. मधला गिअर काढून टाकला, क्रँक थेट चेन फिरवू लागला. 46 किलोच्या यंत्राची ताकद आता एका माणसाच्या हातात आली. अमेरिकेत रॉबर्ट मॅकलक याच धंद्यात इतका श्रीमंत झाला की त्याने 1968 मध्ये लंडन ब्रिज विकत घेतला, दगड दगड सुटा करून ॲरिझोनाच्या वाळवंटात नेला आणि 1971 मध्ये तिथे पुन्हा उभा केला. तो पूल अजून आहे. त्याच्या कंपनीचं मात्र 1999 मध्ये दिवाळं वाजलं, आणि मॅकलक हे नाव आज हस्कवार्नाकडे आहे.

एवढं वाचून तुमचा मोह वाढला असेल. माझाही वाढतो. पण काँट्राच्या पिढीत एक गोष्ट कोणी मोजत नव्हतं. माझा स्वतःचा विषय कंपनांचा असल्यामुळे मी तिथेच येऊन थांबते.

सप्टेंबर 1954 मध्ये जपानच्या होक्काइदो बेटावर मोठं वादळ आलं. तोया मारू नावाची फेरी बुडून हजारावर माणसं गेली, आणि जंगलात इतकी झाडं आडवी झाली की कुऱ्हाड-करवतीने ती उचलणं शक्यच नव्हतं. (2020 च्या निसर्ग वादळानंतरचा श्रीवर्धन-दापोलीचा पट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र वेगळं समजवायला नको.) जपानच्या सरकारी जंगलांत चेनसॉ मोठ्या प्रमाणावर शिरला तो या वादळानंतर. काही वर्षांतच कामगारांची बोटं पांढरी पडायला लागली, मेणबत्तीसारखी. लोकांनी त्याला 'हाकुरोब्यो' म्हटलं, म्हणजे पांढऱ्या मेणाचा रोग. शेवटी तिथे दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त करवत चालवायची नाही अशी मर्यादा घालावी लागली.

होतं काय, तर कंपनांमुळे बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दोन्ही बिघडतात. गारठा लागला की रक्तवाहिन्या घट्ट मिटतात आणि बोट पांढरं पडतं. 'आमच्याकडे कुठे थंडी आहे?' असं कोकणातला माणूस म्हणेल. पण मज्जातंतूंचं नुकसान थंडीची वाट बघत नाही. मुंग्या, बधिरपणा, शर्टाचं बटण न लागणं, सुई न धरता येणं, हे मे महिन्यातही होतं. आणि एका मर्यादेनंतर ते परत फिरत नाही.

उपाय सापडला तो भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा. इंजिन आणि हँडल यांच्यामध्ये रबराचे ठोकळे घाला. वस्तुमान आणि स्प्रिंग यांच्या जोडीला स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. इंजिनाची कंपनं तिच्या 1.41 पटीच्या (म्हणजे दोनच्या वर्गमुळाच्या) वर गेली की हँडलपर्यंत कमी पोचायला लागतात. 7000 आरपीएमवर इंजिन सेकंदाला सुमारे 117 वेळा हलतं. रबराची जोडी 35 हर्ट्झची ठेवली तर कागदावर दहावा हिस्साच हातात येतो. प्रत्यक्षात इतकं छान जमत नाही, पण दिशा तीच. 1960 च्या दशकाच्या मध्यापासून पुढे कंपन्यांनी हे ठोकळे बसवायला सुरुवात केली.

फिनलंडमधल्या सुओमुस्साल्मी भागातल्या जंगल कामगारांची तपासणी 1972 ते 1990 अशी अठरा वर्षं केली गेली. सुरुवातीला सुमारे 40 टक्के कामगारांना पांढऱ्या बोटांचा त्रास होता, शेवटी 5 टक्के. त्याच काळात करवतींच्या हँडलवरचं कंपन सुमारे 14 मीटर प्रति सेकंद वर्गावरून 2 वर आलं. औषध कुठलंही नव्हतं, यंत्र बदललं एवढंच. माझ्या वाचनातल्या आवडत्या संशोधनांपैकी हे एक आहे.

आता हेच आकडे तुमच्या खरेदीला लावूया. युरोपच्या 2002 च्या नियमानुसार आठ तासांच्या हिशेबाने 2.5 ही सावध होण्याची पातळी आणि 5 ही कमाल मर्यादा. कंपन दुप्पट झालं तर वेळ निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो, कारण हिशेब वर्गाचा आहे. 14 चं कंपन देणारी करवत 15 मिनिटांत सावध पातळी गाठते, तासाभरात कमाल मर्यादा. 2 चं कंपन देणारी करवत सावध पातळी गाठायला बारा तासांच्या वर घेते.

पंधरा मिनिटं म्हणजे किती काम? ओंडक्याच्या फळ्या काढायला करवत एका चौकटीत अडकवून ओंडक्यावरून ढकलत नेतात. 'अलास्कन मिल' नावाने ही चौकट ओळखली जाते. एक रुंद फळी कापायला पाच-दहा मिनिटं सहज जातात, आणि सगळा वेळ पूर्ण रेस. झाड पाडताना करवत मधेमधे मंद चालते, इथे नाही. दुसरी फळी अर्धी होईपर्यंत तुमचा दिवसाचा कोटा संपलेला असतो. चौकटीमुळे हात करवतीपासून थोडे लांब राहतात, तेवढाच दिलासा.

आणि तरीही मोठ्या जुन्या करवतीसाठी हेच काम सगळ्यात योग्य आहे. कारण दुसरा धोका किकबॅकचा. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत तोंडाकडे उसळते, आणि माणसाला कळायच्या आत. हे थांबवणारा चेन ब्रेक 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आला. त्याआधीच्या करवतींना तो नाही. चौकटीत बार पकडलेला असतो, त्यामुळे उसळी जवळजवळ बंद होते. म्हणून माझं मत असं: फळ्या काढायला, महिन्यातून एखाद-दोन दिवस, ठीक आहे. पण ब्रेक नसलेली 090 खांद्यावर टाकून वाकलेलं झाड तोडायला जाणार असाल, किंवा घरात ही एकच करवत असणार असेल, तर घेऊ नका. ताकदीचं कारणही फार टिकत नाही. आजची श्टील एमएस 661 फक्त 91 सीसीची, 7.4 किलोची, आणि तरी 7 अश्वशक्तीच्या वर देते. काँट्रा 12 किलोत 6 देत होती. जुन्या इंजिनाचा कमी आरपीएमवरचा जोर खरा आहे, रुंद कापात तो जाणवतोही, पण तेवढ्यासाठी तुम्ही वजन आणि कंपनं दोन्ही विकत घेता.

घ्यायचीच ठरवली तर आता त्या रबरी पडद्याकडे येऊ. आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या पडद्यांचं आणि नळ्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. ते फुगतं नाहीतर कडक होतं. दुसरं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्याच सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं, इंजिन जास्त तापतं आणि पिस्टन धरतो. तेव्हा पडदे, नळ्या आणि ऑइल सील नवे टाकायचा खर्च किमतीत धराच, कार्ब्युरेटर थोडा श्रीमंत करून घ्या, आणि काम झाल्यावर टाकी रिकामी ठेवा. तेलाचं प्रमाण त्या मॉडेलच्या पुस्तिकेतलं बघा. आजच्या करवतींचं 50 ला 1 जुन्या इंजिनाला आंधळेपणाने लावू नका.

चेनची काळजी कमी. या करवतींना बहुधा .404 पिचची चेन लागते, आणि ती आजही झाडं तोडणाऱ्या मोठ्या हार्वेस्टर यंत्रांसाठी बनते. पिच मोजायचं तर सलग तीन रिव्हेटांमधलं अंतर घ्या आणि दोनने भागा. फळ्यांसाठी मात्र रेषेत कापणारी, दहा अंशांच्या आसपास धार लावलेली चेन घ्या, नाहीतर फळीवर नांगरल्यासारखे वळ उठतात.

070 आणि 090 च्या नकला आज ढिगाने बनतात. 'जुनी ओरिजनल' म्हणून नवी नक्कल गळ्यात पडू शकते. मॉडेलच्या नावापुढे 'एव्ही' असेल तर कंपनरोधक ठोकळे आहेत असा अर्थ, पण पन्नास वर्षांचं रबर दगडासारखं झालेलं असतं. रबर कडक झालं की नैसर्गिक वारंवारता वर सरकते आणि वरचा सगळा हिशेब बिघडतो. हँडल धरून हलवून बघा. रबर थोडं दबलं पाहिजे. ओंडका स्वतःच्या जागेतला असला तरी झाड उभं असताना 1964 च्या वृक्षतोड कायद्याची परवानगी लागते का, हे वनखात्यात आधी विचारा. पडलेल्या झाडाबद्दलही विचारलेलं बरं.

विकणाऱ्याकडे गेल्यावर इंजिन आधीपासून गरम करून ठेवलेलं नसावं. थंड इंजिन स्वतः दोरी ओढून सुरू करा, कॉम्प्रेशन गेजवर मोजा, सायलेन्सर काढून पिस्टनवर उभे ओरखडे आहेत का ते टॉर्चने बघा. मंद चालताना आरपीएम आपोआप चढत गेला तर सीलमधून हवा जातेय. सायलेन्सर काढू द्यायला तो तयार नसेल, तर करवतीची किंमत भंगाराच्या भावाने किलोवर सांगा आणि चहा पिऊन निघा.