मनिलाची मामी

मामी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आजोळचे स्वयंपाकघर उभे राहते. फिलिपिन्स बेटांतील मनिला शहरी हाच शब्द उपाहारगृहाच्या पाटीवर वाचून आम्ही क्षणभर थबकलो. तेथे मामी म्हणजे कोंबडीच्या रश्शात सोडलेल्या गव्हाच्या शेवया. तिच्या जोडीला सियोपाव येतो. आंबवलेल्या पिठाचा, आत मांसाचे सारण भरलेला आणि आपल्या मोदकासारखा वाफेवर उकडलेला पांढराशुभ्र गोळा. ह्यातील ‘पाव’ आपल्या पावाचा कोणी लागत नाही. आपला पाव पोर्तुगीजांबरोबर आला. हा चीनच्या फूकियन प्रांतातील बोलीतला, आणि ‘सियो’ म्हणजे गरम.

क्यापो भागातील हे उपाहारगृह मा मोन लुक ह्यांच्या नावाचे आहे. भिंतींवर वर्तमानपत्रांतील जुनी कात्रणे चौकटींत लावलेली आहेत. ती वाचता वाचता रस्सा निवतो. मा मोन लुक कँटनकडील शाळामास्तर. ज्या मुलीवर त्यांचे मन बसले तिच्या आईबापांनी निर्धन मास्तराला नकार दिला, म्हणून पैसा मिळवण्यास ते 1918 साली मनिलास आले, अशी कथा सांगतात. खांद्यावर बांबूची कावड, एका डब्यात निखाऱ्यावर उकळणारा रस्सा, दुसऱ्यात शेवया व कोंबडी, आणि हाती कात्री! गिऱ्हाईक थांबले की शेवया आणि मांस कात्रीने कापून वाडग्यात घालायचे. अशा पायपिटीतून दुकान झाले, दुकानाच्या शाखा झाल्या, आणि 1961 साली मा मोन लुक वारले तेव्हा मनिलात त्यांचे नाव न ऐकलेला मनुष्य विरळा होता. ‘मामी’ म्हणजे मा ह्यांची ‘मी’, म्हणजे शेवई, अशी व्युत्पत्ती तेथील लोक अभिमानाने सांगतात. चिनी भाषेत मांस व शेवई ह्या दोन शब्दांच्या जोडीतून तो शब्द झाला असावा, हे मत आम्हांस अधिक पटते. परंतु कावडवाल्या मास्तराची व्युत्पत्ती लोकांच्या जिभेवर बसली आहे, तेथे पंडितांचे काय चालणार?

आमच्या मेजावर एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातीसह बसले होते. चिनी दुकानांच्या सियोपावात मांजराचे मांस असते, अशी एक आवई मनिलात पिढ्यान्‌पिढ्या फिरत आहे. ती त्यांनी आम्हांस हसत हसत सांगितली, आणि हसत हसतच दुसरा सियोपाव मागवला. त्या हसण्यात द्वेष नव्हता. पण ही आवई कोणत्या मातीत रुजली असेल, हा विचार आमच्या मनातून जाईना.

स्पॅनिश लोकांनी 1571 साली मनिला घेतली. शहरास अन्न, वस्त्र, जोडे, विटा, सुतारकाम, सर्व चिनी हातांनीच मिळू लागले. त्या हातांवाचून राज्यकर्त्यांचे चालत नव्हते, आणि त्यांच्या संख्येची भीती तर रात्रंदिवस वाटत होती. म्हणून त्यांना तटाबाहेर, किल्ल्याच्या तोफांच्या माऱ्यात राहील अशा ‘पारियान’ नामक वस्तीत ठेवले. ख्रिस्ती झालेल्या चिन्यांसाठी 1594 साली पासिग नदीपलीकडे बिनोंदो वसले. 1603 साली संशय आणि बंड ह्यांची ठिणगी पडली, आणि वीस हजारांच्या आसपास चिनी मारले गेले. तेव्हाचा स्पॅनिश न्यायाधिकारी आंतोनियो दे मोर्गा ह्याने 1609 साली छापलेल्या आपल्या इतिहासात नमूद केले आहे की, ह्या कत्तलीनंतर शहरात खावयास अन्न मिळेना व पायांत घालावयास जोडे मिळेनात. विजयी पक्षाच्या लेखकाच्या हातून असे वाक्य क्वचितच उतरते. थोड्याच वर्षांत चिनी जहाजे पुन्हा आली, पारियान पुन्हा भरले, आणि 1639 साली पुन्हा कत्तल झाली. तीही अखेरची नव्हे.

मोर्गाच्या ह्याच ग्रंथाची सटीप आवृत्ती 1890 साली काढणारे होसे रिझाल हे फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष. त्यांचा पितृकुळातील एक पूर्वज फूकियनहून आलेला चिनी. 1697 साली तो ख्रिस्ती झाला. रिझाल ह्यांच्या 1891 सालच्या दुसऱ्या कादंबरीत विद्यार्थ्यांची एक टोळी चिनी शेवयांच्या खानावळीत जमून एकेक पदार्थ सरकारास आणि पाद्र्यांस उपरोधाने अर्पण करते. एकजण विनोदाने सिद्ध करतो की, ह्या शेवया चीन-जपानात कोणास ठाऊक नाहीत, तेव्हा त्या फिलिपिनोच. मात्र त्यांचा नफा चिन्यांचा! स्पॅनिश राजवटीवर हसता हसता हा तरुण शेजारच्या चिन्यालाही चिमटा काढतो, आणि त्याच्याच हातचे जेवतो.

अमेरिकन राजवटीने 1902 साली चिनी मजुरांच्या प्रवेशास बंदी करणारा आपला कायदा ह्या बेटांस लागू केला. स्वराज्य आले, 1954 साली स्वराज्याच्या विधिमंडळाने किरकोळ व्यापार नागरिकांपुरता राखून ठेवला. तेथेच जन्मून म्हातारे झालेले सहस्रावधी चिनी तेव्हा कायद्याने परकेच होते. नागरिकत्वाची वाट इतकी लांब आणि खर्चाची की, मोठ्या दुकानदारासच ती परवडे. 1975 साली चीनशी राजनैतिक संबंध जोडण्याच्या सुमारास सरकारने ही वाट एकदम सोपी केली. त्यामागे उदारबुद्धी किती व परराष्ट्रीय धोरण किती, ह्याचा निवाडा आम्ही करीत नाही. परंतु चारशे वर्षे ज्यांच्या हातचे खाल्ले त्यांना पंक्तीत बसवण्यास फार उशीर झाला, एवढे खरे.

कायद्यांनी जे नाकारले ते भाषेने केव्हाच घेऊन टाकले होते. शेवयांना ‘पान्सित’, चिनी कोबीला ‘पेचाय’, सोयाच्या रसाला ‘तोयो’, हे तागालोग भाषेतील नित्याचे शब्द चिनी आहेत. खाण्याचे शब्द एक वेळ समजता येतात; बाजारातून ते घरी येतातच. पण थोरल्या बहिणीस ‘आते’ आणि थोरल्या भावास ‘कूया’ म्हणतात, तेही चिनी. नात्याचा शब्द बाजारातून येत नाही, तो लग्नातून येतो. माजघरात सोयरीक आणि तटाबाहेर तोफा, असा हा संसार कित्येक पिढ्या चालला होता.

आमची मामी आता पुरती निवली होती. वाडग्यात पातीच्या कांद्याचे हिरवे तुकडे तरंगत होते. शेवया फुगून रस्सा जवळजवळ पिऊन गेल्या होत्या. समोरच्या मुलीच्या वाडग्याचीही तीच गत झाली असावी. तिने मान वळवून वाढप्याला हाक मारली, “कूया!” तो किटली घेऊन आला, आणि तिच्याबरोबर आमच्याही वाडग्यात त्याने गरम रस्सा ओतला.