हुकूम आणि निरोप

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या शेजारी, डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांना एका विलक्षण तापाचे रोगी आढळले. त्यांनी निदान केले ते प्लेगचे. मराठी वृत्तपत्रांनी त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव दिले. सामान्य माणूस नुसते ‘गाठ आली’ एवढेच म्हणे. १८९१ च्या शिरगणतीत आठ लाख एकवीस हजार वस्ती असलेले हे शहर पुढच्या पाचसहा महिन्यांत जवळजवळ निम्मे रिकामे झाले. बंदरावर, स्टेशनांवर आणि घाटरस्त्यांवर माणसांची रीघ लागली.

त्या साथीचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. त्यात मृत्यूंचे आकडे आहेत, कायद्याची कलमे आहेत, पुण्यातील रँडच्या वधाची हकीकत तर आहेच. परंतु या इतिहासाला आणखी एक अंग आहे आणि त्याकडे आपले लक्ष कमी जाते. आरोग्याविषयीची एखादी सूचना गरिबाच्या झोपडीपर्यंत किंवा एखाद्या लहानशा जमातीच्या वस्तीपर्यंत कशी पोहोचते, आणि पोहोचली तरी ती का मानली जाते वा का झिडकारली जाते, हे ते अंग होय. त्या चारपाच वर्षांच्या मुंबईत या प्रश्नाची उत्तरे जितकी स्पष्ट दिसतात तितकी ती क्वचितच कोठे दिसत असतील.

प्रारंभ झाला तो हुकुमाने. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. हुकूम अधिकाऱ्यांच्या दृष्टीने तर्कशुद्ध होता. पण तो ज्यांच्यावर बजावला गेला त्यांच्या दृष्टीने इस्पितळ म्हणजे काय होते? जेथे माणूस पाय पुढे करून बाहेर येतो, जेथे कोणाच्या हातचे पाणी प्यावे लागेल याचा नेम नाही आणि आप्तांना अखेरचे दर्शनही घडेल की नाही याची शाश्वती नाही, अशी ती जागा होती. नेमक्या त्याच महिन्यात एस्प्लनेडवरील राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. झाले! रुष्ट झालेल्या राणीने प्रायश्चित्त म्हणून माणसांची काळजे मागितली आहेत आणि डॉक्टर ती इस्पितळात काढून विलायतेला धाडीत आहेत, अशी आवई उठली. रोग्यांना उलटे टांगून त्यांच्या अंगातून मोमियाई गाळतात अशी दुसरी. सुशिक्षित मंडळी या वदंतांना हसत, आजही हसतात. मला मात्र त्या हसण्यावारी न्याव्याशा वाटत नाहीत. सरकार आपल्याकडे येते ते काही तरी काढून नेण्यासाठीच, हा गरिबाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता आणि अफवेने त्याला फक्त कथेचे रूप दिले.

ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्यानंतर स्नोसाहेबांना आपला हुकूम सौम्य करावा लागला. त्याचे एक कारण फार बोलके आहे. सक्ती अशीच चालू राहिली तर शहरातील हलालखोर, म्हणजे ज्यांच्या हातांवर मुंबईची सफाई चालत होती ते लोक, शहर सोडून जातील आणि मग सगळाच ग्रंथ आटोपेल, अशी अधिकाऱ्यांना धास्ती पडली. ज्यांच्याशी दोन शब्द समजुतीचे बोलावे असे पूर्वी कोणाला वाटले नव्हते, त्यांची किंमत ते निघून जातील या भीतीनेच कळली.

येथे एक गोष्ट अधिकाऱ्यांच्या बाजूनेही सांगितली पाहिजे आणि विरुद्ध बाजूनेही. प्लेगचे जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडले होते. पण ते उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतात ही गोष्ट पॉल-लुई सिमों याने १८९८ मध्ये प्रथम प्रतिपादिली आणि ती सर्वमान्य व्हावयास आणखी काही वर्षे लागली. तेव्हा घरे कार्बोलिकने धुणे, छपरे उस्कटणे, कपडे जाळणे हे सारे अंधारात लाठी फिरविण्यासारखे होते. उलट, उंदीर मरू लागताच घर सोडून रानात किंवा मळ्यात झोपड्या घालून राहावयाचे, ही आमच्या खेडुतांची रीत अधिक शहाणपणाची ठरली. सरकारी निरोप खोटा नव्हता, पण अर्धवट होता. आणि तो ऐकणाऱ्यांपाशीही काही ज्ञान असू शकेल, ही शंका तो धाडणाऱ्यांना शिवली नाही.

याच मुंबईत, याच काळात, अगदी निराळ्या तऱ्हेचा एक निरोप निघाला. वाल्देमार हाफकिन हा ओडेसा येथे जन्मलेला यहुदी शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला आणि कलकत्त्यात पटकीच्या लशीचे प्रयोग करून आलेला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत त्याने प्लेगवर लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे बडोदे संस्थानातील उंढेरा गावी प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांना ती टोचण्यात आली, तेव्हा टोचलेल्या ७१ पैकी ३ आणि न टोचलेल्या ६४ पैकी २६ माणसे प्लेगने दगावली. आकडे लहान आहेत, पण बोलके आहेत. तथापि आकड्यांनी शास्त्रज्ञांची खात्री पटते. वस्तीची पटत नाही.

वस्तीची खात्री पटविली ती एका विशीतल्या तरुणाने. खोजा इस्माइली जमातीचे धर्मप्रमुख तिसरे आगाखान, सर सुलतान महंमद शाह, त्या वेळी वीस वर्षांच्या आसपास होते. त्यांच्या अनुयायांतही लशीविषयी भय होतेच. आगाखानांनी व्याख्यान दिले नाही की फर्मान काढले नाही. त्यांनी चारचौघांदेखत, साशंक आणि विरोधी लोकांच्या समक्ष, स्वतःला टोचून घेतले आणि ही बातमी जितकी दूर व जितक्या लवकर जाईल तितकी जावी अशी व्यवस्था केली. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तात त्यांनी ही हकीकत सांगितली आहे. एवढ्यावरच ते थांबले नाहीत. प्रयोगशाळेला जागा अपुरी पडू लागली तेव्हा त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला हाफकिनच्या हवाली केला. लस तयार होते ते घरच आपल्या इमामाचे आहे, हे ज्याला ठाऊक झाले त्याला मोमियाईची कथा कशी पटावी? खोजांच्या जमातखान्यात माणसे नित्य एकत्र जमत. बातमीला पाय फुटावयास निराळ्या दवंडीची गरज नव्हती. मुंबईतील खोजांची वस्ती दहाबारा हजारांच्या घरात होती. त्यांतील हजारोंनी टोचून घेतले आणि त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण इतके घटले की हाफकिनने आपल्या लशीचा पुरावा म्हणून याच जमातीचा दाखला पुढे मांडला.

मात्र यावरून ‘मुसलमानांनी लस मानली’ असे म्हणणे चुकीचे होईल. खोजांच्या मोहल्ल्यांपासून फार दूर नसलेल्या मदनपुऱ्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेले जुलाहे विणकर राहात असत. मार्च १८९८ मध्ये तपासणी पथक तेथील एका घरातील आजारी मुलीला पाहावयास आले. घरच्यांनी नकार दिला, वाद वाढला, दगडफेक झाली, गोळीबार झाला, माणसे मेली. धर्म एक, शहर एक, रोग एक. पण मदनपुऱ्यातल्या विणकराच्या दाराशी आलेल्या माणसांत त्याच्या ओळखीचे, त्याच्या विश्वासाचे कोणी नव्हते. घरातल्या मुलीला परक्या पुरुषांपुढे उभी करावी लागणार, एवढेच त्याला समजले. हाफकिनच्या लशीचा गुण त्याला कोणी त्याच्या भाषेत, त्याच्या चौकात येऊन सांगितला असता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

दंगलींनी सरकारही काही शिकले. पारशी, खोजे, भाटिये, जैन अशा जमातींना आपापली प्लेग इस्पितळे चालविण्याची मुभा मिळालीच होती. हळूहळू सक्ती ढिली होऊन समजुतीच्या गोष्टी सुरू झाल्या. परंतु विश्वास कमावणे जितके अवघड तितकेच तो एका दिवसात गमावणे सोपे. पंजाबात टोचणीविषयी अगोदरच नाना वावड्या होत्या : सुई वारभर लांब असते, पुरुषाचे पौरुष जाते, स्त्री वांझ होते. अशा मुलुखात १९०२ च्या ऑक्टोबरात मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. दोषाचे खापर मात्र फुटले हाफकिनच्या माथी. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञ त्याच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.

ज्यांना आगाखान नव्हता आणि जमातीचे इस्पितळही नव्हते, त्यांचे काय झाले, हे पाहण्यासाठी पुन्हा १८९७ च्या प्रारंभी पुण्याकडे वळले पाहिजे. शहरात टिळकांनी हिंदूंसाठी इस्पितळ उभारण्याचा उद्योग केला होता. पण गावकुसाबाहेरच्या वाड्यांत निरोप घेऊन जाणार कोण? सावित्रीबाई फुले यांनी लष्करी नोकरीत डॉक्टर असलेल्या आपल्या मुलाला, यशवंतरावांना, बोलावून घेतले आणि हडपसरनजीक ससाणे यांच्या मळ्यात, शहराबाहेरच्या मोकळ्या हवेत, दवाखाना घातला. त्या वेळी सावित्रीबाईंचे वय पासष्टीच्या पुढे गेले होते. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्या स्वतः तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्या मुलाच्या आईबापांना इस्पितळाचे भय कोणी वाटू दिले नाही, कारण न्यावयाला आलेली व्यक्ती त्यांच्या पन्नास वर्षांच्या ओळखीची होती. त्यांच्या मुलामुलींना अक्षरे शिकविणारी होती.

त्या शुश्रूषेत सावित्रीबाईंना स्वतःलाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तीनच दिवसांनी, १३ मार्चला, रँडच्या सैनिकांनी पुण्यात घरोघरची झडती सुरू केली.