साडेतेरा अंगुळं

जंबूद्वीपाचा व्यास एक लाख योजनं, हे आमच्याकडच्या पाठशाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. परिघ विचारला की मोठ्यांची दमछाक होते : ३१६२२७ योजनं, ३ कोस, १२८ धनुष्यं आणि साडेतेरा अंगुळांहून थोडं जास्त. (चार कोसांचं योजन, दोन हजार धनुष्यांचा कोस, ९६ अंगुळांचं धनुष्य.) लाख योजनांच्या हिशेबात अंगुळं कशाला, असं वाटेल. पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो हा अंगुळांचाच आकडा.

नियम असा : व्यासाचा वर्ग करा, दहाने गुणा, वर्गमूळ काढा, म्हणजे परिघ. इथे मूळ काढायचं आहे १ वर अकरा शून्यं असलेल्या संख्येचं. ३१६२२७ चा वर्ग केला की बाकी उरते ४८४४७१. त्या बाकीला मुळाच्या दुपटीने भागलं की अपूर्णांक मिळतो, आणि त्याचे कोस-धनुष्यं-अंगुळं करत गेलं की शेवटी साडेतेराच्या किंचित वर अंगुळं येतात. आजच्या यंत्रावर हेच मूळ काढलं तर तेरालाही थोडी कमी पडतात. म्हणजे जुन्यांनी कुठल्या रीतीने मूळ काढलं ते त्या अर्ध्या अंगुळाने सांगून टाकलं. रीत लिहून ठेवली नसती तरी चाललं असतं.

परिघ कळला की क्षेत्रफळ सोपं : परिघ गुणिले व्यासाचा चौथा भाग. भाकरीचे अगदी निमुळते तुकडे करून एक उलटा, एक सुलटा असे शेजारी मांडा. जवळजवळ लांबट चौकोन होतो : लांबी अर्धा परिघ, रुंदी अर्धा व्यास. (भाकरी माझी, शास्त्रातली नव्हे.) अशा रीतीने जंबूद्वीपाचं क्षेत्रफळ ७९० कोटी ५६ लाख ९४ हजार १५० योजनं आणि वर थोडं, असं येतं.

हीच रीत पुढे महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त दिसते. ते साधारण इ.स. ८५० चे, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. आचार्य दोन उत्तरं देतात. व्यवहारासाठी परिघ व्यासाच्या तिप्पट. सूक्ष्म हवा असेल तर दहाचं मूळ. अठरा हात व्यासाचं खळं घ्या. व्यवहारी क्षेत्रफळ २४३, सूक्ष्म २५६, आणि आजच्या हिशेबाने दोनशे साडेचौपन्न चौरस हात. शेतकऱ्याचं भागतं, पण सूक्ष्म म्हटलेलं उत्तरही जास्तच भरतं.

आता खरी गंमत. महावीराचार्यांच्या थोडं आधी वीरसेनाचार्य षट्खंडागमावर ‘धवला’ टीका लिहीत होते. ती ८१६ मध्ये पुरी झाली असं डॉ. हीरालाल जैन यांनी ठरवलं. वीरसेनांपुढे खळं नव्हतं, सगळा लोक होता. परंपरा सांगते लोकाचं घनफळ ३४३ घनराजू. मृदंगासारखा गोल आकार धरला तर तेवढं भरतं का? वीरसेनांनी कापून, तुकडे करून मोजलं. आलं सुमारे १६४. मग त्यांनी ३४३ सोडले नाहीत, गोल आकार सोडला : लोक दक्षिणोत्तर सगळीकडे सात राजूच आहे, असं मांडलं. या मोजणीसाठी त्यांनी परिघाचा जो नियम घेतला, त्याला सूक्ष्माहूनही सूक्ष्म म्हटलंय : व्यासाला सोळाने गुणा, त्यात सोळा मिळवा, ११३ ने भागा, वर व्यासाची तिप्पट घाला. मिळवायचे सोळा वगळले तर हे ३५५ भागिले ११३ होतं; चीनच्या झू चोंगझीने पाचव्या शतकात दिलेलं तेच गुणोत्तर.

पण ते सोळा वगळायचे कसे? शब्द तिथे आहे. व्यास एक धरला तर परिघ ३.२८ येतो, तिप्पटीच्या ठोकळ नियमापेक्षाही फारच वाईट खरं तर म्हणता येणार नाही, पण चूक तशीच मोठी. व्यास सातच्या आत असेल तर दहाचं मूळच बरं. प्रवचनात कुणी ‘आपल्याला सगळं आधीच ठाऊक होतं’ म्हणालं की मला हे सोळा आठवतात. आणि ‘शास्त्रातला आकडा, त्याला हात लावू नये’ म्हणालं की वीरसेन आठवतात. त्यांनी तर आकारालाच हात लावला होता!

मूडबिद्रीला धवलेच्या ताडपत्रांचं शतकानुशतकं दर्शनच घेतलं जायचं, वाचन नाही. १९३९ पासून ती अमरावतीहून छापून येऊ लागली, आणि ‘गणितसारसंग्रहा’चा हिंदी अनुवाद १९६३ मध्ये सोलापूरहून निघाला. दोन्ही आपल्या हाताशी आहेत. एक लाख योजनांना वीरसेनांचा नियम लावून पाहिला, तिथे सोळांचा उपद्रव उरत नाही. परिघ येतो ३१४१५९ योजनं आणि वर थोडं. क्षेत्रफळ ७८५ कोटी ३९ लाख ८५ हजारांवर. पाठशाळेच्या आकड्यापेक्षा पाच कोटी सतरा लाखांनी कमी.