भिंतीची ऊब आणि हप्त्याचं गणित : ब्रिटनच्या ‘ग्रीन डील’ची कहाणी

मागच्या वेळी आपण 1973 च्या तेलसंकटापाशी थांबलो होतो. आज त्या संकटाचं बिल घरमालकापर्यंत कसं पोहोचलं ते पाहायचं आहे, आणि त्यासाठी आपण ब्रिटनमध्ये जाणार आहोत. आपल्याकडे घर बांधताना चिंता असते ती ऊन आत येऊ नये याची. तिकडे चिंता उलटी : पैसे मोजून केलेली ऊब बाहेर जाऊ नये.

ब्रिटनमधली घरं जुनी आहेत. व्हिक्टोरियन काळातल्या चाळीवजा रांगाच्या रांगा आजही राहत्या आहेत. त्यांच्या भिंती भरीव विटांच्या. पुढे विसाव्या शतकात दोन पदरी, मध्ये पोकळी ठेवलेल्या भिंती रूढ झाल्या. त्या पोकळीत लोकर किंवा फोम भरणं हे काही तासांचं, स्वस्त काम. भरीव भिंतीला मात्र आतून किंवा बाहेरून नवा थरच चढवावा लागतो. बाहेरून चढवला तर खिडक्यांच्या चौकटी, पन्हळी, पाइप सगळं हलवावं लागतं. आतून चढवला तर खोली लहान होते. अशा भरीव भिंतींची सुमारे 80 लाख घरं ब्रिटनमध्ये आहेत. हा आकडा लक्षात ठेवा, कारण सगळं पाणी इथेच मुरतं.

इंग्लंड-वेल्ससाठी पहिले देशव्यापी बांधकाम नियम 1965 साली आले. भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता निसटते त्याला ‘यू-व्हॅल्यू’ म्हणतात. 1965 च्या नियमात भिंतीसाठी ती मर्यादा 1.7 होती. 1990 पर्यंत ती 0.45 वर आली. म्हणजे पंचवीस वर्षांत गळती जवळपास चौथाईवर. हा खर्च कुणी केला? नवं घर घेणाऱ्यानं. पण तो घराच्या किमतीत आणि तिथून गृहकर्जात विरघळून गेला, म्हणून फारसा कुणाला बोचला नाही. नियमांची खरी गंमत हीच असते बघा, नव्या घराला ते लावणं सोपं. जुन्या घरात बसलेल्या माणसाला कोण सांगणार, की बाबा रे, भिंत बदल?

1978 साली माळ्यावरच्या इन्सुलेशनसाठी सरकारी अनुदान सुरू झालं. पुढे गॅस-वीज कंपन्यांवर बंधन घातलं गेलं, की ग्राहकांची घरं तुम्ही सुधारा. कंपन्यांनी तो खर्च सगळ्यांच्याच बिलात वाटून टाकला. लाखो माळे आणि पोकळ भिंती अशाच भरल्या गेल्या. सोपी कामं संपत आली. उरल्या भरीव भिंती.

मग 2011 च्या ऊर्जा कायद्यातून ‘ग्रीन डील’ निघाली आणि जानेवारी 2013 मध्ये ती सुरू झाली. कल्पना कागदावर फार देखणी होती. घरमालकानं आधी एक पैसा देऊ नये. कर्ज काढून काम करावं आणि हप्ता वीजबिलातून फेडावा. कर्ज माणसाच्या नावावर नाही, घराच्या मीटरवर! घर विकलं तर पुढचा राहणारा हप्ते भरणार. आणि अट एक, तिचं नाव ‘गोल्डन रूल’ : हप्ता अपेक्षित बचतीपेक्षा जास्त असता कामा नये.

आता आपणच गणित करून पाहू. समजा 10,000 पौंडांचं काम, 20 वर्षांची मुदत, व्याज 7 टक्के. वर्षाचा हप्ता येतो सुमारे 944 पौंड. एकूण फेड जवळपास 18,900. हेच कर्ज 3 टक्क्यांनी मिळालं असतं तर हप्ता 672 झाला असता. योजनेचं व्याज 7 टक्क्यांच्या आसपास आणि वर होतं, आणि त्याच वेळी गृहकर्ज मात्र बरंच स्वस्त होतं. भिंत झाकून वर्षाला वाचायचे ते काहीशे पौंड. म्हणजे ज्या कामासाठी कर्जाची खरी गरज, तेच काम गोल्डन रूलमध्ये बसेना. उरलेले पैसे खिशातूनच घालायचे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. केंब्रिजच्या मिना सुनिक्का-ब्लँक आणि रे गॅल्विन यांनी 2012 मध्ये जर्मनीतल्या घरांच्या आकडेवारीवरून दाखवलं, की प्रत्यक्षातला खर्च गणिती अंदाजापेक्षा सरासरी 30 टक्के कमी असतो. घर जितकं गळकं, तितकी ही तफावत मोठी. कारण साधं आहे. गळक्या घरातली म्हातारी एकच खोली तापवते, अंगावर शाल घेते. जी ऊब तिनं कधी विकतच घेतली नाही, तिची बचत होणार कशी? गोल्डन रूलचा हिशोब मात्र ‘सरासरी’ कुटुंबावर बेतलेला. तिचं घर उबदार झालं असतं, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण हप्ता बचतीतून निघाला नसता.

सक्ती असती तर काय झालं असतं? तसा प्रस्ताव होता. घर वाढवताना किंवा बॉयलर बदलताना मालकानं इतर ऊर्जाबचतीची कामंही करावीत, असा नियम 2012 मध्ये चर्चेत आला. वृत्तपत्रांनी त्याला ‘कन्झर्व्हेटरी टॅक्स’ म्हणून झोडपलं आणि सरकारनं तो गुंडाळला. आमच्या मते ग्रीन डीलचं भवितव्य तिथेच ठरलं. सक्ती गेली, महाग कर्ज तेवढं उरलं.

जुलै 2015 मध्ये सरकारनं पैसा थांबवला. सुमारे 14,000 घरांनी कर्ज घेतलं होतं. सुरुवातीला भाषा होती 1 कोटी 40 लाख घरांची. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं 2016 मध्ये हिशोब मांडला : सरकारचे 24 कोटी पौंड, म्हणजे दर कर्जामागे 17,000. काही ठिकाणी कर्जापेक्षा कर्ज देण्याचाच खर्च मोठा म्हणायचा! त्याच जुलैत, 2016 पासून प्रत्येक नवं घर ‘शून्य कार्बन’ असेल हे 2006 साली दिलेलं वचनही रद्द झालं.

लोकांना घरं सुधारायचीच नव्हती, असं म्हणावं तर 2014 चा उन्हाळा आठवावा. तेव्हा सरकारनं कर्जाऐवजी थेट अनुदान जाहीर केलं होतं, 12 कोटी पौंडांचं. ते सहा आठवड्यांत संपलं.